आधी कणगी, मग बाजार: कोरडवाहू कुटुंबाला सावरण्याचा वर्षभराचा क्रम

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात मांजरा, तेरणा, सीना पात्राबाहेर आल्या, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि नदीकाठच्या काही शेतांची मातीच खरडून गेली. दोन-तीन एकरवाल्या कोरडवाहू कुटुंबानं हे दोन्ही दहा वर्षांच्या आत पाहिलं. असं घर अडचणीत आलं की गावातला कार्यकर्ता, बचत गटाची ताई, पुण्यात नोकरी करणारा पुतण्या, सगळे धावतात. मदतीचा क्रम मात्र चुकतो. घरात ज्वारी नाही आणि आपण ठिबकचा अर्ज भरत बसतो. वारसनोंद झालेली नाही आणि अनुदानाची वाट पाहतो.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. उदाहरणं मराठवाड्यातली आहेत. विदर्भात पिकं आणि शब्द थोडे बदलतील, काम तेच राहील. माझं मत आधीच सांगतो: घरच्या धान्यासाठी जमिनीचा एक तुकडा वेगळा काढला नाही, तर बाकीची मदत पुढच्या आखाडापर्यंतही पुरत नाही.

पहिली भेट

वही न्या, फोटो काढू नका. आणि घरातल्या बाईशी बोलल्याशिवाय उठू नका. कर्ता पुरुष कर्जाचा आकडा सांगेल. कणगीत किती उरलंय ते तिलाच ठाऊक असतं.

“खायला पुरतं का?” असं विचारलं की कुणीही “पुरतं की” म्हणतं. त्यापेक्षा काल दोन्ही वेळेला चुलीवर काय शिजलं ते विचारा. डाळ शेवटची कधी आणली? ज्वारी विकत घ्यायला कधीपासून लागली? गेल्या वर्षात शेळी, म्हैस, दागिना यांतलं काय विकलं? दुकानाची उधारी किती? उत्तरं लिहून ठेवा आणि त्यावरून बारा महिन्यांचा एक तक्ता करा: कोणत्या महिन्यात धान्य घरात येतं, कधी पैसा येतो, कधी दोन्ही नसतात. बहुतेक घरांत आषाढ ते भाद्रपद हा मोकळा पट्टा निघतो. पेरणीला पैसा गेलेला, जुनं धान्य संपलेलं, नवं अजून शेतात. पुढचं सगळं नियोजन या तीन महिन्यांसाठी आहे असं समजा.

पाच वर्षांखालचं मूल असेल तर अंगणवाडीताईंना सोबत घ्या. त्यांच्याकडे दंडघेर मोजायची पट्टी असते. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित आहे. त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं, बाकीची कामं थांबली तरी चालतील.

दुसरी न थांबणारी गोष्ट मनाची. माणूस बोलेनासा झालाय, जेवण टाकलंय, “माझ्यामागं तुमचं बघा” असं काही बोलतोय, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावा. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पहिला आठवडा: ताट

रेशनकार्ड बघा. रंग, त्यावरची नावं, आधारची ई-केवायसी झाली का. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि हे धान्य सध्या मोफत आहे. सून आली, नातू झाला, पण नाव चढलंच नाही, असं जागोजाग सापडतं. एका नावामागे वर्षाला ६० किलो धान्य जातं, म्हणून तहसीलच्या पुरवठा शाखेतली ही एक फेरी सोडू नका. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातले अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा हे सहा, अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी २०२३ पासून माणशी रोख रक्कम खात्यात मिळते. आधी दरमहा १५० रुपये होते, नंतर १७० झाले. बँकखातं आधारला जोडलेलं नसेल तर ती रक्कम अडकते आणि घरच्यांना पत्ताही नसतो.

नवरा-बायको ऊसतोडीला जाणार असतील तर त्यांना सांगा की कार्ड गावातच असलं तरी कोल्हापूर-सांगलीच्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. मागं म्हातारे आणि मुलं राहत असतील, तर त्यांच्यापैकी कुणाचा अंगठा यंत्रावर लागतो ते गाव सोडायच्या आधी तपासा. म्हाताऱ्या बोटांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत.

रेशनचा मेळ बसेपर्यंत हाताशी धान्य द्यायचं असेल तर ज्वारी, तूरडाळ, तेल, शेंगदाणे, मीठ, मिरची द्या, एका महिन्याचं एकदम. बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे पाठवायचे मोह शहरातल्या मंडळींनी आवरावेत. पूरग्रस्त गावांत समाजमंदिरात साड्यांचे ढीग पडलेले असतात आणि डाळ कुठं दिसत नाही.

पहिला महिना: कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त पैसा इथंच अडकलेला असतो. सातबारा आणि ८अ (खातेउतारा) काढा. त्यावर कुणाचं नाव आहे? वडील वारून दहा वर्षं झाली तरी नाव त्यांचंच, हे नेहमीचं. मग नुकसानभरपाई, पीककर्ज, पीकविमा, पीएम-किसान, प्रत्येक ठिकाणी दार बंद. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) वारसनोंदीचा अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. विधवेचं आणि मुलींचं नाव वगळलं जात नाही ना, हे स्वतः वाचून बघा. नवरा हयात आणि राजी असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. ही सोय १९९२ पासून आहे आणि तिची आठवण कार्यालयात आपल्यालाच करून द्यावी लागते.

त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे अ‍ॅग्रिस्टॅकची नोंद. आणि ई-पीक पाहणी: हंगामात शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाची नोंद. ती राहिली तर सातबाऱ्यावर पीकच नाही, आणि जे पीक कागदावर नाही ते बुडालं तरी कागदावर बुडत नाही. घरात साधा फोन असेल तर बचत गटातल्या एखाद्या मुलीनं वाडीभर फिरून सगळ्यांची पाहणी करून द्यावी. दोन दिवसांचं काम आहे.

अतिवृष्टी किंवा पूर झालाच, तर पंचनाम्याच्या दिवशी घरातलं कुणीतरी शेतात हवंच. ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर मदत मिळते. आपत्ती निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ साठीचे केंद्रीय निकष असे: कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. साचलेला गाळ काढायला हेक्टरी १८,०००, जमीनच वाहून गेली तर ४७,०००. दुभती गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, शेळी ४,०००. राज्य सरकार प्रसंगी यात भर घालतं. पंचनाम्यात “पीक नुकसान” एवढंच लिहून जमीन खरडल्याचा उल्लेख राहिला तर फार मोठा फरक पडतो, म्हणून सही करण्याआधी वाचा. जनावर दगावलं असेल तर पुरायच्या आधी फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला.

यादी लागली की काम संपलं असं समजू नका. ग्रामपंचायतीत लागलेल्या यादीत नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. ई-केवायसी बाकी असेल तर तो घेऊन आपले सरकार केंद्रात अंगठा द्यावा लागतो, तेव्हा पैसे खात्यात पडतात. मंजूर रक्कम केवळ या अंगठ्यासाठी पडून राहिल्याची घरं प्रत्येक तालुक्यात निघतात.

पीकविम्याबद्दल थोडक्यात. एक रुपयात विमा ही सोय २०२५ च्या खरिपापासून बंद झाली; आता अन्नधान्य आणि गळिताच्या पिकांना खरिपात २ टक्के आणि रब्बीत दीड टक्का हप्ता भरावा लागतो. भरपाई मुख्यतः महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर ठरते. तेव्हा गावात प्रयोग कधी, कुणाच्या रानात आहे ते कृषी सहायकाला विचारा आणि चार जाणत्या माणसांनी वजन होताना तिथं उभं राहा.

घरात कुणी गेलं असेल तर तीन गोष्टी पाहा. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख. दारिद्र्यरेषेखालचा कमावता माणूस साठीच्या आत गेला तर कुटुंबलाभाचे २०,०००. विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १,५००. आत्महत्या असेल तर निकषात बसणाऱ्या कुटुंबाला १ लाख मिळतात, त्यातले ३०,००० रोख आणि ७०,००० ठेवीत. या घरांशी बोलताना कागद दुसऱ्या भेटीत मागा. पहिल्या भेटीत नुसतं बसा.

कर्जाची यादी, व्याजानुसार

रकमेनुसार यादी केली की गावातल्या सेवा सोसायटीचं पीककर्ज सगळ्यात वर दिसतं आणि सगळे त्याचीच चिंता करतात. व्याजानुसार लावा. सावकार, कृषी सेवा केंद्राची उधारी, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, ऊसतोड मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि तळाशी बँक आणि सोसायटी. हातात आलेला पहिला पैसा वरच्या टोकाला गेला पाहिजे.

बँक आणि सोसायटीला लेखी अर्ज द्या: पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांवर आहे, कर्जाचं पुनर्गठन करावं. पोच घ्या. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे, फक्त मुदतवाढ, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. पण नवं पीककर्ज मिळायची वाट त्यातून उघडी राहते.

मायक्रोफायनान्सच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम बायकांना पाठ हवेत. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाईल असं कर्ज देता येत नाही, आणि वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ नंतर तगादा लावायचा नाही. एक हप्ता फेडायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज घेतलेलं दिसलं तर तिथं सगळ्यात आधी हात घाला.

सावकारानं खरेदीखत करून जमीन अडकवली असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते आणि अवैध सावकारी सिद्ध झाल्यास जमीन परत मिळू शकते. यासाठी वकील आणि गावातली चार माणसं मागं उभी असल्याशिवाय कुटुंबाला एकटं पुढं ढकलू नका. सावकार बहुधा गावातलाच असतो.

एक एकर घराचा

सोयाबीन आलं आणि ज्वारी मागं पडली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्यावाचून म्हैस गेली, म्हशीबरोबर मुलांचं दूध गेलं. सोयाबीनचा पैसा सुरुवातीला बरा वाटला, पण भाव पडला की किंवा काढणीत पाऊस आला की घरात पैसा नाही आणि खायला दाणाही नाही. धाराशिव-लातूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर मागून घ्यायला लावलं आणि त्यात खायची पिकं त्यांच्या निर्णयानं घ्यायला सुरुवात झाली. या कामाला २०१६ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती बियाण्यांची वा खतांची नव्हे: काय पेरायचं हे बाई ठरवते. स्वयंपाक तीच करत असल्यानं काय कमी पडतं हे तिला सांगावं लागत नाही.

हिशोब मांडून दाखवा, नवरे ऐकतात. पाच माणसांच्या घराला वर्षाला सहा-सात क्विंटल धान्य लागतं. रेशनमधून माणशी ५ किलोनं तीन क्विंटल येतं. उरले तीन-चार क्विंटल. एक एकर रब्बी ज्वारी बऱ्या वर्षी एवढं देते आणि वर कडबा. डाळीला एक क्विंटल तूर पुरे, भरडून साधारण ७० किलो डाळ होते.

आता त्या एका एकरात वर्षभर काय करायचं ते पाहू.

जूनमध्ये ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून पेरणं हेच दुबार पेरणीचं सगळ्यात मोठं कारण आहे. ओल पुरली की बहुतेक रानात मूग किंवा उडीद, एकरी ५–६ किलो बी. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो. ऑगस्टअखेर, म्हणजे नेमका त्या मोकळ्या पट्ट्यात, घरात डाळ येते आणि थोडा मूग विकून हातात पैसाही. मुगाच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी फक्त रानाच्या एका कडेच्या पट्ट्यात ठेवा, कारण तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते आणि तिथं ज्वारी घेता येत नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ ही तुरीची जात लवकर येते, हलक्या-मध्यम रानाला बरी. बांधाकडेनं अंबाडी, गवार, भेंडी, दोडका, चवळी. ही भाजी विकायची नाही असं घरात आधीच ठरवून टाका.

मूग काढला की वखरून रान तयार ठेवा आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान ज्वारी पेरा. मध्यम-भारी काळ्या रानात मालदांडी किंवा परभणी मोती, हलक्या रानात फुले अनुराधा. एकरी ४ किलो बी पुरतं. किलोला ४ ग्रॅम गंधक चोळलं की काणी (कणसावरचा बुरशीचा रोग) येत नाही. या तुकड्यात तणनाशक मारू नका. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या रानभाज्या तणनाशकानं जातात, आणि पावसाळ्यात गरीब घराची अर्धी भाजी याच असतात.

पाऊस लांबला तर मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरू नका. बाजरी, तूर, तीळ, सूर्यफुलाकडे वळा. जुलै संपत आला तर सोयाबीनचा नाद सोडलेलाच बरा.

उरलेल्या रानात खर्च कमी करा

बाकीच्या एकर-दीड एकरात सोयाबीन-तूर राहील, राहू द्या. पण बियाण्याची पिशवी उधारीवर आणायच्या आधी घरचं बी तपासा. सोयाबीनचं सरळ वाणाचं बी तीन वर्षं वापरता येतं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळा, ओल ठेवा, सातव्या-आठव्या दिवशी मोजा. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पेरा. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली गेलं तर ते पेरू नका, धान्य म्हणून विकून टाका. पोती उंचावरून आपटू नका, त्या बियाचं साल नाजूक असतं. पेरणी ३–४ सेंटिमीटरपेक्षा खोल नको.

पाण्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पीक महिन्याचं झालं की कोळप्याच्या (तण काढायच्या औताच्या) जानोळ्याला, म्हणजे त्याच्या दांड्याला, दोरी गुंडाळून दर चार ओळींमागे एक सरी काढणं. खर्च एका दिवसाच्या बैलजोडीचा. उघडीप पडली तर ओल टिकते, अतिवृष्टी झाली तर पाणी त्याच सरीतून बाहेर निघतं. शेततळं, विहीर पुनर्भरण या पुढच्या वर्षीच्या गोष्टी. पहिल्या वर्षी नवं कर्ज काढायला लावणारं काहीही सुचवू नका.

माल निघाला की त्याच आठवड्यात दुकानदाराच्या काट्यावर जातो. ते टाळायला बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी घ्यायची, भाव आला की विकायचं. दोन-चार पोत्यांसाठी गाडीभाडं परवडत नाही, म्हणून चार-पाच घरांनी मिळून माल न्यावा.

हातात पैसा आणि दावणीला शेळी

रोजगार हमी महाराष्ट्राच्या १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली आणि तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, तरी आजही “काम नाही” हे उत्तर तोंडी मिळतं. कामाची मागणी लेखी द्या, दहा-बारा घरांची एकत्र, तारखेची पोच घ्या. मागणी कागदावर नसेल तर हक्कही सिद्ध होत नाही. ही मागणी उन्हाळ्यातच करा. पेरणीला पैसा तेव्हाच लागतो.

गाय द्यायची घाई करू नका. चारा-पाणी नसलेल्या घरात संकरित गाय म्हणजे नवं खाणारं तोंड. दोन उस्मानाबादी शेळ्या द्या. जुळी करडं होतात, बांधावरच्या पाल्यावर भागतं आणि अडचणीला एक विकता येते. शेळ्या बाईच्या नावावर घ्या. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचलेली आहे ना बघा, आंत्रविषार या पोटाच्या रोगाची पावसाळ्याआधी टोचून घ्या. पहिल्याच पावसात शेळ्या मेल्या तर घरचा धीर खचतो. आठ-दहा गावरान किंवा गिरिराज कोंबड्या चालतील, अंडी मात्र आधी मुलांना.

धान्य बँक

घर वर्षभरात उभं राहतं, पण एका वाईट पावसाळ्यात परत बसतं. म्हणून शेवटचं काम गटाचं. दहा-पंधरा बायकांच्या बचत गटानं रब्बीची ज्वारी आल्यावर प्रत्येकी २० किलो एका कोरड्या खोलीत जमा करायची. सोबत मूग, तूर, ज्वारीचं निवडलेलं बी, कडुनिंबाचा पाला घालून, वेगळ्या डब्यांत. आषाढात ज्या घराला गरज असेल त्यानं उचलायचं, रब्बीनंतर सवाईनं परत करायचं: २० किलो नेलं तर २५ किलो. पीक बुडालं तर सवाई माफ, मूळ धान्य पुढच्या वर्षी.

नियम पहिल्याच बैठकीत वहीत लिहा. कुलपाच्या दोन किल्ल्या, दोन वेगळ्या वस्त्यांतल्या बायकांकडे. सरपंचाच्या घरात खोली घेऊ नका. कुणी किती उचललं हे भिंतीवर लावायचं नाही, वहीतच ठेवायचं. नाहीतर ज्या घराला खरी गरज असते तेच घर लाजेनं येत नाही. आणि शहरातून पैसे पाठवू इच्छिणाऱ्या पुतण्यानं इथं पाठवावेत: पहिल्या वर्षीचा दोन-तीन क्विंटलचा साठा आणि पत्र्याच्या कोठ्या, एवढ्यावर बँक चालू होते.